बाबांचे डोळे, कॅमेरा आणि मराठी अक्षरं: नजरेने लिहिण्यासाठी मदत हवी आहे

सुरंगी
नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

आम्ही गोव्यात साखळीला राहतो. बाबा ६८ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी मोटर न्यूरॉनचा आजार असल्याचं निदान झालं. आधी उजव्या हाताची पकड गेली, मग दोन्ही हात, मग पाय. गेल्या चतुर्थीला खुर्चीत बसून माटोळीला (गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट) काय कुठे बांधायचं ते सांगत होते. शब्द जड येत होते, पण कळत होते. शिगम्यापर्यंत बोलणं पूर्ण थांबलं. आता मानही धड हलत नाही. डोळे मात्र पहिल्यासारखे फिरतात, आणि डोकं लख्ख आहे.

बाबा २९ वर्षं म्हापशाच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायचे. सगळं आयुष्य अक्षरांत गेलेल्या माणसाला आज एक अक्षरही सांगता येत नाही, हे मला बघवत नाही.

डोळ्यांनी संगणक चालवता येतो असं वाचलं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चालणारा एक फुकट प्रोग्राम भावाने घालून पाहिला. सकाळी जेमतेम चालला. दुपारी खिडकीतून ऊन आलं आणि बाण पडद्यावर भरकटायला लागला. नंतर एका विक्रेत्याने यंत्र आणून दाखवलं. दहा मिनिटं बघून म्हणाला, "यांच्या डोळ्यांत दोष आहे, यांना जमणार नाही." यंत्र उचलून गेला. बाबांनी त्या दिवशी आमच्याकडे बघितलंच नाही. तेव्हापासून घरात हा विषयच कोणी काढत नाही.

कोणाला अनुभव आहे का? आणि हे सगळं मराठीत होतं का? बाबांना इंग्रजी वाचता येतं, पण ते विचार मराठीत करतात.

बिमल
सुरंगीताई, मी वाचा-उपचार करते, अशी पुष्कळ घरं पाहिली आहेत. पहिली गोष्ट, "जमणार नाही" हे वाक्य दहा मिनिटांत बोलायचं नसतं. या आजारात हातापायांचे, जिभेचे स्नायू जातात, पण डोळे फिरवणारे स्नायू बहुतेकांच्या बाबतीत शेवटपर्यंत टिकतात. नजरेने चालणारी साधनं या लोकांच्या एवढी कामी येतात ती म्हणूनच.

यंत्राच्या आधी एक काम आजच करा. हो आणि नाही ठरवा. वर पाहिलं की हो, डोळे मिटून दोन सेकंद धरले की नाही. घरातल्या प्रत्येकाने हेच वापरायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यानेही. भिंतीवर लिहून लावा. वीज गेली, यंत्र बिघडलं, रात्री तीनला जाग आली, तरी हे चालतं.

आता तीन प्रश्न. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का? चष्मा कुठला आहे? आणि वरच्या पापण्या खाली ओघळतात का?

सुरंगी
ऑपरेशन दोन्ही डोळ्यांचं झालंय. चष्मा दूरचं-जवळचं एकाच काचेत असलेला. पापण्या संध्याकाळी थोड्या जड होतात. डोळे हल्ली लाल असतात, थेंब घालतो.

खाजन
मी संगणकातला माणूस. वास्कोच्या माझ्या काकांसाठी हे सगळं केलं आहे, म्हणून लांबलचक लिहितो.

नजर पकडणारे कॅमेरे दोन जातींचे. एक जात इन्फ्रारेडची. पडद्याखाली एक पट्टी (ट्रॅकर) बसते, तिच्यात बारीक दिवे आणि कॅमेरा. हा प्रकाश आपल्याला जवळजवळ दिसत नाही, टीव्हीच्या रिमोटमध्येही तोच असतो. (रिमोट मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बहुतेक फोनवर दिवा चमकताना दिसतो. ट्रॅकरचे दिवे लागतात की नाही हेही असंच तपासता येतं.) त्या दिव्यांचा एक ठिपका बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर चमकतो. डोळा फिरला की बाहुली सरकते, ठिपका जवळपास तिथेच राहतो. बाहुलीचा मध्य आणि तो ठिपका यांतल्या अंतरावरून यंत्र नजरेची दिशा काढतं. डोकं थोडं हललं तरी हिशेब टिकतो, कारण दोन्ही खुणा डोळ्यावरच्याच.

दुसरी जात म्हणजे लॅपटॉपचा साधा कॅमेरा. तो साध्या उजेडात बघतो. आपले डोळे गडद तपकिरी, काळी बाहुली त्यात बुडून जाते. इन्फ्रारेडमध्ये तीच तपकिरी बुबुळं फिकट दिसतात आणि बाहुली काळी उठून येते. साध्या कॅमेऱ्यावरचा प्रोग्राम मग चेहऱ्याच्या ठेवणीवरून अंदाज बांधत राहतो, आणि उजेडाची बाजू बदलली की अंदाज ढासळतो. तुमच्या घरी दुपारी तेच झालं. बाबांची चूक काडीचीही नव्हती.

विक्रेत्याचा "दोष" कुठून आला असेल तेही सांगतो. दुहेरी काचेच्या चष्म्यावर दिव्यांचे दोन-तीन जादा ठिपके उठतात, मोतीबिंदूनंतर बसवलेल्या भिंगावरूनही कधीकधी चमक येते. यंत्राला खरा ठिपका कोणता ते कळत नाही. यावर उपाय असतात. फक्त संगणकाच्या अंतराचा, एका नंबरचा चष्मा करून घ्या. पट्टी किंचित खाली-वर कलवून पाहा. दोन्ही डोळ्यांऐवजी एकच डोळा धरायला सांगा, बहुतेक यंत्रांत ती सोय असते. आणि थेट ऊन टाळा. उन्हात भरपूर इन्फ्रारेड असतं, त्यात पट्टीचे दिवे हरवतात. जाड पडदा लावा किंवा पलंग फिरवा.

आता नेमकेपणाचा हिशेब. पडदा डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर असला तर एक अंश म्हणजे पडद्यावरचा सुमारे एक सेंटिमीटर. चांगला इन्फ्रारेड ट्रॅकर अर्धा ते एक अंश चुकतो. साध्या कॅमेऱ्याला तीन अंश सहज धरा. म्हणजे बाबा ज्या अक्षराकडे बघतील त्याच्या तीन सेंटिमीटर इकडे किंवा तिकडे बाण पडणार. चूक पोटात घ्यायला प्रत्येक चौकोन सहा सेंटिमीटरचा हवा. १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा ३४.५ बाय १९.४ सेंटिमीटरचा असतो. मोजा: आडवे पाच, उभे तीन. फक्त पंधरा चौकोन!

इंग्रजीची २६ अक्षरंच त्यात मावत नाहीत. आपली वर्णमाला, वर मात्रा, वर जोडाक्षरं कुठे मावणार? हे लोढणं मी काकांसोबत वर्षभर ओढलं.

कुळागर
स्टीफन हॉकिंग डोळ्यांनीच लिहायचे ना? त्यांचा प्रोग्राम इंटेलने फुकट खुला केला असं वाचलं होतं.

खाजन
पुष्कळांचा तसा समज आहे. हॉकिंग गालाच्या एका स्नायूने लिहायचे. चष्म्याला इन्फ्रारेडचा एक सेन्सर लावलेला होता, गाल हलला की तो बटणासारखा चालायचा. पडद्यावर निवड आपोआप पुढे सरकत राहायची आणि हव्या जागी ते थांबवायचे. तो प्रोग्राम इंटेलने २०१५ मध्ये खुला केला, हे बरोबर. सुरंगीताई, बाबांची भुवई, गाल, ओठ, काहीही हुकमी हलत असेल तर तेही लिहून ठेवा. नजरेने बघायचं आणि भुवईने "हेच" म्हणायचं, अशी जोडी सर्वांत कमी दमवते.

नुसत्या नजरेवर चालवलं की एक जुनं दुखणं मागे लागतं. डोळे बघण्यासाठी असतात, पण यंत्र प्रत्येक बघण्याला निवड समजतं. हात लावेल त्याचं सोनं होणाऱ्या गोष्टीतल्या राजावरून संशोधक याला मिडास राजाची अडचण म्हणतात. म्हणून "इतका वेळ टक लावलीत तरच दाबलं" असं ठरवावं लागतं. सुरुवात दीड सेकंदाने करा, सवय झाली की कमी करत न्या. आणि पडद्यावर एक रिकामी जागा ठेवाच, डोळ्यांना विसावा घ्यायला. काका म्हणायचे, डोळे ठेवायला कुठे जागाच नाही.

तरीवरून
विकत घेण्याआधी घरातल्या फोनवर काय होतं ते बघा. ॲपलने २०२४ मध्ये आयओएस १८ सोबत पुढच्या कॅमेऱ्यावर चालणारी नजरेची सोय दिली. आयफोन १२ आणि त्यानंतरच्या फोनवर चालते, काही आयपॅडवरही. आयपॅड असला तर तोच घ्या, फोनच्या अरुंद पडद्यावर दोन रांगांपलीकडे काही जमत नाही. यंत्र हातात धरायचं नाही, पक्क्या स्टँडवर दीडेक फुटावर हवं.

अँड्रॉइडवर गुगलचं लुक टू स्पीक आहे, २०२० पासून. त्यात बाण नसतोच. वाक्यांच्या दोन रांगा, डावीकडे आणि उजवीकडे. हवं ते वाक्य ज्या बाजूला असेल तिकडे बघायचं, यादी अर्धी होते, पुन्हा बघायचं. सोळा वाक्यं असतील तर चार वेळा बघून हवं त्यावर पोचता. वर बघितलं की रद्द. डावं-उजवं एवढंच ओळखायचं असल्यामुळे साधा कॅमेराही त्यात फसत नाही. आईसाठी आम्ही हेच वापरलं. तिच्या रोजच्या गरजा त्यात बसायच्या, पण तिला भांडायचं असेल तर ते वाक्य यादीत नसायचं. ते आठवलं की अजून त्रास होतो.

चित्रांवर बोट ठेवून बोलणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईचं जेलो आहे, त्यात मराठी आहे. पण तुमच्या बाबांना चित्रं देऊ नका, त्यांना अक्षरंच द्या.

बिमल
तरीवरून यांच्या शेवटच्या वाक्याशी मी शंभर टक्के सहमत. म्हणून म्हणते, यंत्र येईपर्यंत पारदर्शक पाटी करा. परदेशात अनेक दशकांपासून वापरात आहे. ॲक्रिलिकचा ताव, मधोमध बघायला मोठी खिडकी कापलेली, कडेने आठ जागांवर अक्षरांचे गट. तुम्ही समोर बसून पाटी दोघांच्या मध्ये धरायची. बाबा आधी गटाकडे बघणार, मग गटातलं कितवं अक्षर ते दुसऱ्या नजरेने सांगणार. एका अक्षराला दोन नजरा. खाजन यांचा पंधरा चौकोनांचा प्रश्न इथे उरत नाही, आठच जागा पुरतात.

इंग्रजीत हे गट ओढूनताणून पाडतात. आपल्याकडे वर्णमालाच वर्गांची आहे. पाच वर्ग, प्रत्येकात पाच अक्षरं, पहिलीतल्या पोरालाही तोंडपाठ. वेगळं शिकायचं काहीच नाही.

खाजन
बिमल, हे वाचून मी अक्षरशः उठून उभा राहिलो. वर्षभर मी चौकोन लहान करत बसलो होतो!

एक भर घालतो. खाली बघताना वरची पापणी बाहुलीवर येते, कॅमेऱ्यालाही दिसत नाही आणि समोर बसलेल्यालाही. म्हणून जास्त लागणारं वर आणि बाजूंना, कमी लागणारं खाली. माझी मांडणी अशी: वरच्या ओळीत क-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग. डावीकडे य र ल व स श ह ळ. उजवीकडे स्वर आणि मात्रा. खाली च-वर्ग, ट-वर्ग आणि आठव्या जागी पुरे शब्द: पाणी, दुखतंय, कूस बदला.

दुसऱ्या नजरेसाठी आकडे: वर डावीकडे १, वर मधे २, वर उजवीकडे ३, डावीकडे ४, उजवीकडे ५. वर्गात पाचच अक्षरं, म्हणजे दुसरी नजर कधी खाली जातच नाही. फक्त य-र-ल-वच्या गटात आठ आहेत, त्यातली श, ह, ळ ही तीन खालच्या ६, ७, ८ वर जातात.

मात्रा आधी सोडून द्या. नुसती व्यंजनं आली तरी घरचं माणूस शब्द ओळखतं.

सुरंगी
पाटी केली. भावाने कचेरीच्या पाट्या बनवणाऱ्याकडून ५० बाय ४० सेंटिमीटरचा ॲक्रिलिकचा तुकडा आणला, अक्षरं दोन्ही बाजूंनी चिकटवली, नाहीतर मागून उलटी दिसतात.

तीन दिवसांपूर्वी संध्याकाळी पहिल्यांदा बसलो. बाबांनी वर उजवीकडे बघितलं, मग वर डावीकडे. प. मी मोठ्याने म्हटलं, त्यांनी वर बघून हो म्हटलं. मग ख. मग ब. मग द. प ख ब द. आई मागून म्हणाली, "अगो, पंखा बंद!"

पंखा पलंगाच्या समोरच्या भिंतीवर आहे, वारा थेट तोंडावर. चेहऱ्याचे स्नायू कमजोर झाल्यामुळे पापण्या पुरेशा मिटत नाहीत आणि डोळे कोरडे पडत होते. दोन महिने आम्ही लाल डोळ्यांत थेंब घालत होतो आणि पंखा एक नंबर वाढवत होतो, त्यांना उकडू नये म्हणून. पंखा फिरवल्याला आज चौथा दिवस, डोळे बरेच निवळलेत.

कुळागर
हे वाचून गळा दाटून आला. बाबांना आमचा नमस्कार सांगा.

घुमट
मी ऑप्टिकी वापरून बघितलंय. विंडोजवरचा खुला, फुकट प्रोग्राम, २०१५ पासून आहे, नजरेने टाइप करण्यासाठीच बनवलेला. त्यात आपल्याला हवा तसा कळफलक एका साध्या फाइलमध्ये लिहून घालता येतो. पाटीचीच मांडणी मी त्यात उतरवतो आहे: पहिल्या पडद्यावर आठ मोठे चौकोन, मध्य रिकामा, विसाव्यासाठी. वर्ग निवडला की दुसऱ्या पडद्यावर त्यातली अक्षरं, पाटीवर होती त्याच जागी. बाबांची नजर एकदा पाटीवर बसली की यंत्रावर नव्याने शिकावं लागणार नाही. ट्रॅकर महागड्या वैद्यकीय जातीचाच हवा असं नाही, गेम खेळणाऱ्यांसाठी टोबी कंपनीची पट्टी मिळते ती काहींना पुरते. माझ्याकडे एक आहे. पुढच्या रविवारी घेऊन येतो साखळीला, चालेल का?

लॅपटॉपला इन्व्हर्टर आहे ना? पावसात तिथे वीज किती जाते ते मला माहीत आहे. पाटी पलंगाशीच टांगलेली असू दे.

बिमल
घुमट, जाल तेव्हा आधी पडद्याचा कल बघा. पलंग अर्धा वर उचलला असेल तर पडदाही तेवढाच कलवायचा, चेहऱ्याला समांतर. अर्ध्या घरांत बिघाड इथेच असतो. आणि सकाळची वेळ घ्या. ट्रॅकर जुळवताना पडद्यावर ठिपके येतात, एकेकाकडे बघायचं असतं. नऊ ठिपक्यांनी थकवा येत असेल तर पाचच घ्या. पापण्या जड व्हायच्या आत थांबायचं.

सुरंगीताई, युडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढलंत का? २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत, मज्जासंस्थेचे दीर्घ आजार त्यात आहेत. साधनांसाठी मदत मागायची तर ते कार्ड आधी लागतं.

सुरंगी
कार्डासाठी कागद दिलेत. पण रविवारच्या आधीच एक वाईट दिवस आला, तो सांगते.

मंगळवारी दुपारी भाऊ पाटी घेऊन बसला होता. बाबांनी म दिलं, मग स. पुन्हा म, पुन्हा स. भाऊ म्हणाला, मासे. आम्ही सगळे खूश. गेले कित्येक दिवस पेज आणि मऊ भातच चालला होता. आई विचारायला लागली, बांगडा? मुडदुशी? रस पातळ करून देऊ? बाबा प्रत्येक वेळी डोळे मिटत होते. नाही. नाही. आम्ही नवनवी नावं घेत होतो. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा मी भावाच्या जागी बसले आणि सावकाश, पहिल्यापासून घेतलं.

म. मग डावा गट. मग त्यांची नजर खाली उजवीकडे गेली, पापणी अर्धी उतरली, आणि समोरून बघणाऱ्याला ती नुसती उजवीकडे वाटली. ५ नव्हे, ८. स नव्हे, ळ.

मळमळ. त्यांना मळमळत होतं आणि आम्ही माशांची नावं घेत होतो.

खाजन
सुरंगीताई, ही चूक माझी. ळ मीच खाली टाकला. इंग्रजी कळफलकावरच्या सवयीने त्याला दुय्यम धरलं. मनापासून माफी मागतो.

सुरंगी
माफी कशाला. तुमच्यामुळे निदान कळलं तरी. आणि पुढचं ऐका.

रविवारी घुमट आले. पडदा कलवला, खिडकीवर चादर टाकली, नवीन एक नंबरचा चष्मा होताच. दोन्ही डोळ्यांवर ट्रॅकर पकड घेईना. उजवा सोडून फक्त डाव्या डोळ्यावर लावला, पाच ठिपके, आणि निळा गोल बाबा बघतील तिथे जाऊन थांबायला लागला. विक्रेता गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्या क्षणी उतरलेलं मी बघितलं. टक दीड सेकंदाची ठेवली.

घुमट म्हणाले, काका, काहीही लिहा. बाबांनी पहिलं अक्षर निवडलं ते क-वर्गातलं पाचवं. ङ. आम्हाला वाटलं, चुकून पडलं. पुसून टाकलं. त्यांनी पुन्हा तेच निवडलं. मग क, ढ. मग ळ, त्यासाठी दोनदा प्रयत्न करावा लागला. मग घ, ल.

ङ क ढ ळ घ ल.

आई आणि मी पडद्याकडे बघतच राहिलो. भावाला आधी कळलं. ङ काढ, ळ घाल.

बाबांची खिळे ठेवायची केस होती ना छापखान्यात, लाकडी, घराघरांची. वर्णमालेच्या क्रमाने खिळे कोणीच लावत नसे असं ते आम्हाला लहानपणी सांगायचे. जे हाताला सारखं लागतं ते हाताशी, जे वर्षातून एकदा लागतं ते कडेला. ङ चं घर पाटीवर सर्वांत सोप्या जागी होतं आणि जन्मात लागणार नव्हतं.

घुमटनी तिथेच फाइल उघडून बदल केला. क ख ग घ ळ. बाबांनी लगेच च-वर्ग उघडला, ञ वर नजर ठेवली, मग ह वर. म्हणजे ह तिथे. तेही केलं. मग त्यांनी लिहिलं, स ख ळ. साखळी. एका दमात, ळ पहिल्याच फटक्यात.

घुमट
नवीन फाइल आज रात्री इथे चढवतो, ज्यांना हवी त्यांनी घ्या. पाटी करणाऱ्यांनीही ळ आणि ह हलवा. काकांनी निघताना अजून एक काम दिलंय: ट-वर्गातला ण वर आणायचा आहे, आणि त्या जागी काय जाणार ते ते उद्या सांगणार आहेत.